गाळलेली मुलं

"एवढंच सांगा आकडेबुवा, आपण पुढे की ते?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

'ते' म्हणजे शेजारचा देश. माध्यमिक शाळेतल्या एका मुलामागे तिथलं सरकार किती खर्च करतं आणि आपलं किती, ही तुलना शिक्षण खात्याच्या या खोलीत दरवर्षी व्हायची. ती करणाऱ्या कारकुनाला सगळे आकडेबुवा म्हणत आणि त्यालाही ते मनातून आवडे. इतकी वर्षं उत्तर एकच असायचं. या वेळी त्याने दोनदा ताळा करून पाहिला होता.

"आपण पुढे, साहेब. थोडक्यात, पण पुढे."

साहेब लहान मुलासारखे हरखले. "चहा सांगा रे सगळ्यांना! चला, आता त्या संध्याकाळच्या वर्गांचा जादा खर्च थांबवता येईल. पुढे गेलेल्याने आणखी किती पळायचं?"

ज्यांना शाळा सोडावी लागली त्या मुलांसाठी खातं हे वर्ग चालवत होतं, आणि त्यातल्याच एकात आकडेबुवाची मुलगी जात होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा पोरीने नववीतूनच दप्तर खुंटीला टांगलं. आईला भरवलं, कुशीवर वळवलं, शेवटी तिचे डोळेही हिनेच मिटले. आता दिवसभर शिंप्याच्या दुकानात कॉलरी शिवायच्या आणि तिथून परस्पर वर्गात जायचं. शालान्त परीक्षा तोंडावर आली होती.

"साहेब, त्या वर्गांचा खर्च आपण धरलाय, पण मुलं धरलेली नाहीत," तो चाचरत म्हणाला. "शेजारचे धरतात. आपण धरली तर मागे पडू."

"आपण कधी धरली होती? आणि नियम कुणाचा? तुमचाच ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ! ही मुलं एक दिवस येत, दोन दिवस दांडी मारत. हजेरीचा मेळ म्हणून बसत नसे. तेव्हा यानेच मोठ्या ऐटीत तोडगा काढला होता. खर्च खात्याचा आहे तो राहू द्या, मुलं गाळा. साहेबांनी पाठ थोपटली होती. गाळलेल्यांत उद्या आपल्या घरचं कुणी असेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

"आता मध्येच नियम बदलला तर मागच्या वर्षांशी तुलना कशी करायची?" साहेब समजुतीने म्हणाले. त्यांच्या जागी आकडेबुवाही हेच म्हणाला असता. 'माझी पोर आहे हो त्यात', हे वाक्य अगदी जिभेवर आलं. पण घरचं रडगाणं ऑफिसात गायची सवय नव्हती, आणि नको त्या वेळी माणसाला आपली सवयच नडते. "बरं," म्हणून त्याने तक्त्यावर सही केली.

महिन्याभराने मुलगी दिवेलागणीलाच घरी आली.

"वर्ग बंद झाला, बाबा. बाई म्हणाल्या, आपला देश पुढे गेलाय म्हणे, आता या वर्गांची गरज नाही." ती हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. "आमच्या गणिताचं काय ते मात्र कुणी सांगितलं नाही."

त्याला वाटलं, आत्ता सगळं सांगून मोकळं व्हावं. धीर झाला नाही. "मी शिकवतो," एवढंच तो म्हणाला.

जेवणं झाल्यावर दोघं दिव्याखाली बसली. सरासरीचं गणित होतं. वर्गातल्या मुलांचे गुण दिले होते आणि एक जण परीक्षेला आलाच नव्हता.

"याला धरायचं की गाळायचं, बाबा?"

आकडेबुवाने चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही तो पुसतच राहिला.

"धरायचं."

"पण मग सरासरी खाली येते."

"येऊ दे. तोही त्याच वर्गातला आहे ना?"

तिने मान डोलावली, मुलांच्या संख्येत एक मिळवला आणि पुन्हा पहिल्यापासून भागायला घेतलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, तेव्हा त्याने ती तिच्या हातातून घेतली आणि खाली मान घालून टोक काढत बसला.