दुसऱ्या कोपराचा फोटो

“आई, भोक या बाहीला नाही, त्या बाहीला आहे.”

“माहीत आहे मला. तू काढ.”

लेकीने एकदा आईकडे पाहिलं आणि रफूला आलेल्या कोटाच्या धड कोपराचा फोटो काढला. दुपारपर्यंत रफूच्या दुकानाच्या काचेवर दोन फोटो लागले. फाटक्या कोपराखाली ‘आधी’, धड कोपराखाली ‘नंतर’.

बत्तीस वर्षं रफू करणाऱ्या बाईवर ही वेळ आणली होती तिच्या धाकट्या बहिणीने. धाकटी तिच्याच हाताखाली सुई धरायला शिकली आणि गेल्या वर्षी गल्लीत बरोबर समोर दुकान थाटून बसली. तिनेही फोटो लावले होते. त्यांत टाके चक्क दिसत होते आणि खाली लिहिलं होतं, ‘जवळून पाहिलं तर दिसेल.’ आपली उणी बाजू आपणच चव्हाट्यावर मांडायची, आणि त्यालाच गिऱ्हाइकांची रीघ. थोरलीचं रफू दिसायचं नाही, म्हणून कुणाला दाखवताही यायचं नाही. आधी रफू करून मग फोटो काढायचा तर आठवडा गेला असता, आणि तेवढा धीर तिला उरला नव्हता. समोरचं दार वाजलं की तिच्या पोटात दुखायचं.

“मावशी खरं ते लिहिते, म्हणून लोक जातात,” लेक म्हणाली.

“मग गोडवे गायला तिकडेच जाऊन बस.”

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. तिने पिशवीतून नवऱ्याचा करडा कोट काढला. तो वारल्यापासून कोट घरात तीच घालायची. शेगडीशी बसली असताना कोटाचं कोपर जळलं होतं.

“अगदी या फोटोतल्यासारखं करून द्या,” ती म्हणाली. “समोरच्या बाई म्हणाल्या, माझं रफू दिसेल. ताईकडे जा, तिचा हात माझ्याहून हलका आहे.”

थोरलीला बरं वाटायला हवं होतं. उलट तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठेपणाही धाकटीनेच मिळवायचा.

तिने बाही उलटी केली. जळल्या जागेभोवतीची लोकर झिजून जाळी झाली होती. इथे न दिसणारं रफू कुणाच्या बापाला जमलं नसतं. कोट ठेवून घ्यावा आणि मग कापडालाच दोष द्यावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं. म्हातारी तोवर काचेजवळ गेली होती. ‘नंतर’च्या फोटोवरून बोट फिरवत होती.

“काय हात आहे हो तुमचा.”

“ते मी केलेलं नाही,” थोरली म्हणाली. “ते दुसरं कोपर आहे. ते कधी फाटलंच नव्हतं.”

म्हातारीचं बोट थांबलं.

“तुमचा कोट करीन मी. पण दिसेल.”

“कितपत?”

“तुम्हाला रोज दिसेल. दुसऱ्याला, तुम्ही दाखवलंत तर.”

म्हातारीने कोट पिशवीत घातला. दारापर्यंत जाऊन परत आली. मग पुन्हा बाहेर काढून टेबलावर ठेवला.

ती गेल्यावर थोरलीने काचेवरचे दोन्ही फोटो नखाने खरवडून काढले. कोटाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढत पाच दिवस ती त्या कोपरावर बसली. 

सहाव्या दिवशी म्हातारीने येऊन कोट अंगात घातला. तिचं बोट नेमकं त्या जागी जाऊन टेकलं.

“इथे.”

“हो.”

तिने मान हलवली आणि कोट अंगात ठेवूनच बाहेर पडली. गल्ली ओलांडून धाकटीच्या दारात थांबली आणि कोपर पुढे केलं. धाकटीने हातातलं काम खाली ठेवलं, तिला उजेडात घेतलं आणि बाहीवर वाकून कितीतरी वेळ पाहत राहिली.

मग तिने मान वर करून इकडे पाहिलं.

थोरलीने घाईघाईने मान खाली घातली आणि ओवलेल्याच सुईत पुन्हा दोरा ओवू लागली.