तिसरा ठोका

तालमीत वाद्यवृंदाच्या संचालकांनी मुद्दामच हात चुकवला.

सात मात्रांचा तो तुकडा दोन-दोन-तीन असा चालायचा. दोन ठोके आखूड, तिसरा लांब. त्यांनी लांब ठोका आधीच देऊन टाकला. अशा वेळी वाद्यवृंदाची कशी त्रेधातिरपीट उडते हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं: ड्रम एकीकडे, बासऱ्या दुसरीकडे आणि बिचारे चेलोवाले मधल्यामध्ये लोंबकळत.

काहीच झालं नाही. चाळीस माणसं दोन-दोन-तीन वाजवत सुखरूप पुढच्या पानावर गेली.

हात नीट दिसला नसेल, असं त्यांना वाटलं. पुढच्या ओळीत त्यांनी तीच चूक ठळक केली, अगदी खांद्यापासून. तरी कुणी अडखळलं नाही.

डॉक्टर वर्षभर मागे लागले होते, हात आणि स्मरण दोन्ही दगा देताहेत, आता थांबा. संचालकांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी चुकलो तर चाळीस जण तोंडघशी पडतील. पडतात का? मग!" हे ऐकताना मुलगी खाली मान घालून ताट चिवडत बसायची. ती त्यांच्याच वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर होती. आज सगळ्यांना एकदा मुद्दाम पाडायचं आणि डॉक्टरांचं तोंड कायमचं बंद करायचं, असा त्यांचा बेत होता.

त्यांनी हात खाली घेतले. वादन चालूच राहिलं. मुलगी प्रत्येक लांब ठोक्यावर आपला गज किंचित वर उचलत होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्या मनगटावर होते. शेवटचा सूर थांबला तेव्हा कुठे वादकांना कळलं, की समोरचा माणूस नुसताच उभा आहे. कुणी पानं चाळायला लागलं, कुणाला खोकला आला.

"चहा घेऊन या सगळे," संचालक म्हणाले.

दालन रिकामं झालं. मुलगी तेवढी बसून राहिली.

"कधीपासून?"

"काय, सर?"

"सर नको म्हणू. कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील, बाबा."

त्यांनी स्टँडचा आधार घेतला. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच्याच जोरावर ते डॉक्टरांना वेड्यात काढत आले होते.

"गेल्या वर्षीसुद्धा?"

तिने गज मांडीवर ठेवत मान डोलावली.

"अगं, मला सांगायचं तरी."

"त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही किती वेळ शीळ घालत होतात. कोणत्या तोंडाने सांगणार?"

राग यायला हवा होता. आली ती लाज, आणि पोटच्या पोरीसमोर ती लपवायलाही जागा नव्हती.

"आणि परवाच्या कार्यक्रमाचं काय?"

"नेहमीसारखे उभे राहा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "हात कसाही हलवा, बाबा. आम्ही बघणार नाही."

माणसं परतली, खुर्च्या सरकल्या. आता सांगूनच टाकावं म्हणून संचालकांनी घसा खाकरला.

"सर, आज हात काय झकास चाललाय तुमचा!" ड्रमवाला घाईघाईने म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"थँक यू," ते म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात उचलले. सगळ्यांनी अदबीने वर पाहिलं. मग एकेक नजर हळूच मुलीच्या गजाकडे गेली. संचालकांनीही तिकडेच पाहिलं, आणि गज हलल्यावर पहिला ठोका दिला.