सासूबाई कुरकुरल्या नाहीत त्या दिवशी

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सकाळी व्हरांड्यातच सांगितलं. सोफेवाला मागच्या बाकावर बसला. बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की या बाकाचं रेक्झिन फाटलंय आणि आतला फोम बाहेर डोकावतोय. असल्या वेळी हे कसलं सुचतंय म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. मग आठवलं, घरी सासूबाईंना सांगायचंय.

सासूबाई, म्हणजे बायकोची आई, लेकीच्या लग्नानंतर काही वर्षांनी एक पेटी घेऊन राहायला आल्या त्या कायमच्या. खाली सोफे दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. त्यांचा आवाज वरून खाली आणि खालून थेट रस्त्यापर्यंत जायचा, म्हणून शेजारच्या चष्मेवाल्यानं त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि त्याचीही त्यांची तक्रार होती.

सोफेवाला दारात पोचतो न पोचतो तोच त्यांनी सुरू केलं. "जावईबापू, कालपासून गुडघा ठणकतोय. या घरात कुणी विचारत नाही. ती कधी येतेय?"

"ती नाही येणार, आई," तो म्हणाला.

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी इथे सामान बांधून बसलेय, आणि माझ्याऐवजी तिला नेलं? डोळे फुटले काय त्याचे?" दिवसभर त्या भांडत राहिल्या. मरणाशी भांडल्या, डॉक्टरांशी भांडल्या, डोक्यावरच्या पंख्याशी भांडल्या. भेटायला आलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सोफेवाल्याला मात्र कळत होतं. कुणी रडतं, कुणी जेवण सोडतं. यांना रडायची हीच एक रीत ठाऊक होती.

तसं बघितलं तर बायकोला झालं होतं काय? शिवता शिवता मशीनची सुई बोटात गेली होती. या धंद्यात सुई, खिळा, तुटकी स्प्रिंग रोज कुणाला ना कुणाला चावतेच. बोट तोंडात घालायचं, चिंधी गुंडाळायची आणि कामाला लागायचं. जखम केवढी ते बघायचं, तेवढंच दुखणं धरायचं, असा सगळ्यांचा हिशेब. संध्याकाळी ती म्हणाली, हात आतून कुणी फाडतंय असं दुखतंय. दोघांनी दिव्याखाली धरून बघितलं. जराशी लाली होती, बाकी काही नाही. तीच हसायला लागली. "एवढ्याशा टोचण्याचं एवढं कौतुक! शेवटी मी आईवरच गेले बघा." आईसारखी कुरकुर करायची नाही, हा तिचा लहानपणापासूनचा पण. गोळी घेऊन तिनं उरलेल्या उशांचे अभ्रे शिवून संपवले. दुसऱ्या दिवशी तापानं फणफणली, हात दंडापर्यंत सुजला, त्यावर जांभळे फोड आले. डॉक्टरांनी कापायचं तेवढं कापलं, पण विष रक्तात गेलं होतं.

नंतर डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं होतं. काही जंतू बारीकशा जखमेतून शिरतात आणि कातडीखालचं मांस खात सुटतात. वरून सुरुवातीला फार काही दिसत नाही. जखम दिसते त्याच्या मानानं दुखणं फारच मोठं असेल, तर घरी बसून वाट बघायची नाही. सोफेवाल्याला पुस्तकी गोष्टी लक्षात राहत नसत, पण ही राहिली.

पुढे दोघांचं एक बरं जमलं. जावई आणि सासू, मधला धागा तुटलेला, तरी कापड काही उसवलं नाही. सकाळी तो चहा करायचा. सासूबाईंना साखरेचा आजार, म्हणून चहा बिनसाखरेचा. रोज पहिला घोट घेऊन त्या म्हणायच्या, "हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?" तो म्हणायचा, "भांडी धुतलेलं पाणी आहे, आई. पण ताजं आहे." मग त्या खाली येऊन जुन्या सोफ्यांची कापडं उसवत बसायच्या आणि ज्याचा सोफा त्याचा उद्धार करायच्या. "या बाईनं यावर बसून आयुष्यभर शेंगदाणेच खाल्लेत वाटतं." गिऱ्हाईक समोर असलं तरी त्यांना फिकीर नव्हती. सोफेवाल्याला हे दिवस आवडायला लागले होते. आवडतात म्हणून त्याला कधी कधी अपराध्यासारखं वाटायचं, पण आवडायचे खरे.

आणि एका सकाळी त्यांनी चहा घेतला आणि मुकाट्यानं पिऊन टाकला.

सोफेवाला थांबला. "कसा झालाय?"

"बरा आहे."

तो खाली गेला, शटर उघडलं, हातोडी घेतली, पण हात चालेना. चष्मेवाला काच पुसत बाहेर उभा होता. "काय हो, आज भोंगा बंद? वीज गेली की काय?"

"चहाला बरा म्हणाल्या."

"मग पेढे वाटा की! सुधारल्या म्हातारपणी."

"तेच तर," सोफेवाला म्हणाला आणि हातोडी ठेवून जिना चढला.

सासूबाई पलंगावर होत्या. अंगावर पांघरूण होतं, पण डावा पाय त्यांनी बाहेर काढून वेगळाच ठेवला होता. त्यानं विचारलं, काय झालंय. काही नाही म्हणाल्या. त्यानं पाय बघितला. नडगीवर एक ओरखडा होता, मांजरानं काढावा तेवढा. परवा जुना सोफा उसवताना स्प्रिंग लागली होती. भोवती लाली होती, कातडी ताणून चकचकीत झाली होती. त्यानं पांघरुणाचं टोक उचललं आणि पायावर नुसतं टेकवलं. सासूबाईंनी ओठ दाबून धरले. डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून शब्द नाही. हात लावला तर अंग तापलेलं.

"कधीपासून दुखतंय?"

"एवढासा तर ओरखडा आहे. त्याचं काय दुखणार?"

"आई, दार करकरलं तरी तुम्ही तक्रार करता. आणि हे दुखत नाही म्हणता? चला, इस्पितळात जायचंय."

दुखतंय म्हटलं की हा इस्पितळात नेणार, हे त्यांना आधीच कळलं होतं. म्हणून तर त्या गप्प होत्या. "मी नाही यायची," त्या म्हणाल्या. "माझी लेक तिथे चालत गेली होती, जावईबापू. चालत. पदर सावरत. आणि परत कशी आली ते मी बघितलंय. मला काय व्हायचं ते या पलंगावर होऊ दे."

तेवढ्यात चष्मेवाला मागून वर आला. त्यानं पाय बघितला आणि हळूच म्हणाला, "ओरखडाच वाटतोय हो. मलम लावून उद्यापर्यंत बघू की."

"उद्यापर्यंत नाही," सोफेवाला म्हणाला. "तुम्ही रिक्षा बोलवा."

चष्मेवाला गेला. सोफेवाला पलंगापाशी जमिनीवर बसला. सासूबाईंना उचलून न्यायची ताकद त्याच्यात होती. रोज तो अख्खे सोफे हलवायचा. पण नको म्हणणाऱ्या माणसाला उचलून नेणं त्याला जमेना. त्याला बोलताही फारसं येत नसे. बोलायचं काम आजवर घरातल्या बायकांनीच केलं होतं.

"तिला आपण उशिरा नेलं," तो म्हणाला. "इस्पितळानं तिला मारलं नाही, आई. उशीर झाला. तुम्हाला आज नेलं तर वेळ आहे."

त्या भिंतीकडे बघत होत्या.

"आणि तुम्ही पण गेलात तर सकाळी चहा मी कुणाला देऊ? एकट्यापुरता चहा मला येत नाही करता. जास्तच होतो."

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला.

"दोघांपुरता तरी कुठे येतो?" सासूबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सोफेवाल्यानं एका दमात सगळं सांगितलं: साखर, स्प्रिंग, ताप, जखमेपेक्षा दुखणं जास्त, आणि बायकोचं काय झालं ते. त्यांनी मध्ये तोडलं नाही. पेन घेऊन लालीच्या कडेनं रेघ मारली, सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. थोड्या वेळानं येऊन बघितलं तर लाली रेघेच्या बाहेर गेली होती. "थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "आत्ताच उघडून बघायला हवं."

सोफेवाला त्याच व्हरांड्यात बसला. बाकाचं रेक्झिन अजून तसंच होतं. आता ते दिसलं म्हणून त्याला स्वतःचा राग आला नाही. बोटांनी तो फोम आत सारत राहिला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या टोपी काढत. नडगीचं बरंच मांस काढावं लागलं होतं. उद्या पुन्हा उघडून बघणार, लागलं तर आणखी काढणार. पण आजार गुडघ्याच्या वर गेला नव्हता. "पाय वाचेल असं वाटतंय," त्या म्हणाल्या. "आणि आजी पण. आणखी थोडा उशीर केला असता तर मी हे बोलू शकले नसते."

दुसऱ्यांदा उघडलं तेव्हाही थोडं काढावं लागलं. त्यानंतर ताप उतरला. सोफेवाला बघायला गेला तेव्हा सासूबाई छताकडे बघत पडल्या होत्या. तो जवळ वाकला.

"ही उशी," त्या पुटपुटल्या, "कुणी भरली? दगड भरलेत की काय?"

सोफेवाला हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. बायको गेल्यापासून तो रडला नव्हता. नर्स पाणी घेऊन आली तर सासूबाई तिला म्हणाल्या, "त्यांना काय देतेस? आजारी मी आहे."

आता त्या घरी आहेत. नर्स येऊन पट्टी बदलते आणि रोज बोलणी खाते. चष्मेवाला रोज वर येऊन आवाज ऐकून जातो, आणि खाली सांगतो की भोंगा चालू आहे. पट्टी सोडली की सासूबाई स्वतःच्या पायाकडे वाकून बघतात. "जुना माल काढून झाला, जावईबापू. आता वरचं कापड तेवढं चढवायचं राहिलं." चहाला त्या रोज नवं नाव ठेवतात. सोफेवाला ते ऐकून खाली जातो, आणि त्याचा दिवस बरा जातो.

मांडीची कातडी काढून नडगीवर बसवायची आहे. जखम पुरती लाल भरून आली की मग, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. ते ऑपरेशन अजून व्हायचं आहे. बायकोच्या कपड्यांचं काय करायचं, तेही दोघांनी अजून ठरवलेलं नाही.