ट्रेलर मागे घेताना

कॅम्पग्राउंडवर संध्याकाळची करमणूक फुकट असते. नवा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, फाटकातून आत आला, की लोक घडीच्या खुर्च्या आणि बियरचे कॅन घेऊन बाहेर पडतात आणि तो मागे मागे जात आपल्या जागेत कसा शिरतो ते बघत बसतात. नवरा पिकअपच्या स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातवारे करणार. दोनदा चुकलं की नवरा बायकोवर ओरडणार, तिसऱ्यांदा बायको नवऱ्यावर, आणि बघणारे दोघांनाही सल्ले देणार. ह्युरॉन सरोवराच्या काठच्या या कॅम्पग्राउंडवर अशाच संध्याकाळी दोन लग्नं मोडली, असं तिथे दर उन्हाळ्यात येणारी बेव्ह प्रुइट सांगायची. त्यातलं एक तरी खरं असावं.

आर्विला डनिंग तीस उन्हाळे हे हातवारे करत आली होती. अगदी पाण्यालगतची, दोन बर्चच्या झाडांमधली जागा तिची आणि तिच्या नवऱ्याची, मर्लची. मोटेलच्या आठवड्याच्या भाड्यात इथे महिना निघतो, हे मर्ल दर वर्षी आपणच शोध लावल्यासारखं सांगायचा. फेब्रुवारीत मर्ल गेला.

मुलगा रसेल म्हणाला, ट्रेलर विकून टाकू. ती नको म्हणाली. बराच वाद झाल्यावर त्याने अट घातली, की तिने एकटीने तो नेऊन जागेत लावून दाखवावा. जमलं तर ठेवायचा, नाही तर विकायचा. आर्विलाने मान्य केलं. ओहायोत घराजवळच्या चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिने महिनाभर सराव केला. तिथे चुकलं तरी धडकायला काही नव्हतं.

जूनमध्ये ती पोचली तेव्हा खुर्च्या नेहमीसारख्याच मांडल्या गेल्या. ती स्टिअरिंगवर बसलेली दिसली आणि सगळे गप्प झाले. बेव्हचा नवरा गॉर्डी पुढे येऊन हळूच म्हणाला, की तो लावून देईल, तिने त्रास घेऊ नये. आर्विलाने नको म्हटलं आणि काच वर केली.

घोटाळा असा होता. ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. तीस वर्षं आर्विलाने शेपूट कुठे जायला हवं तेवढंच दाखवलं. ते उलटं करून घेण्याचं काम मर्ल बिनबोभाट करायचा. रिकाम्या पार्किंगमध्ये तिला हे नीट जमलं होतं. इथे आरशात बर्चची झाडं दिसली आणि हात आपोआप खुणेच्या दिशेने वळले. ट्रेलर भलतीकडेच गेला. ती पुढे आली, पुन्हा मागे गेली, पुन्हा भलतीकडे. कुणी हसलं नाही. मर्लला याच लोकांनी एकदा टाळ्या वाजवून वैताग आणला होता. आता सगळे प्रार्थनेला बसल्यासारखे, मांडीवर हात ठेवून.

तेवढ्यात संडासांजवळच्या जागेतला लॉनी म्हणून एक जाडा इसम, पहिल्यांदाच इथे आलेला, लांबून ओरडला, "अहो बाई, सरोवर कुठे पळून जात नाहीये! घ्या निवांत!"

बेव्हने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने कॅन खाली ठेवला. आर्विला मात्र हसली. फेब्रुवारीनंतर बहुधा पहिल्यांदाच. त्या हसण्याच्या भरात तिने ट्रेलर निम्मा आत घेतलाही. मग पुन्हा हात चुकला आणि मागच्या कोपऱ्याने नळाचा खांब आडवा केला. पाण्याचं कारंजं उडालं. लोक धावले. गॉर्डीने दार उघडलं आणि ती मुकाट्याने उतरली. त्याने एका दमात ट्रेलर सरळ लावला. ती मागे उभी राहून हातवारे करत होती. तिच्या हातांकडे त्याने एकदाही आरशात पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेव्ह टूना मासा घातलेल्या नूडल्सचं भांडं घेऊन आली. मर्लच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले. इथला रिवाज असा, की जागा सोडणाऱ्याने सुचवलेल्या माणसालाच ऑफिस ती देतं, आणि पाण्यालगतच्या जागा मोजक्या. तेव्हा भांडं टेबलावर टेकतंय न टेकतंय तोच बेव्हने सहज विचारलं, म्हणजे अगदी सहजच, की उद्या आर्विलाने यायचं थांबवलं तर तिच्या मनात कुणाचं नाव आहे का. संध्याकाळपर्यंत आणखी दोघींनी तेच विचारलं. एकीने केक आणला होता, दुसरी हात हलवत आली.

तिसऱ्या दिवशी आर्विला ऑफिसात जागेसाठी नाव देऊन आली. बातमी बेव्हपर्यंत जायला वेळ लागला नाही.

"लॉनी? तो संडासाजवळचा?" बेव्ह दारातच उभी होती. "त्याचं तुला आडनाव तरी माहीत आहे का?"

"विचारून घेतलं."

"आर्विला, तो तुला हसला होता."

"तुम्ही सगळे का नाही हसलात?" आर्विला म्हणाली. "मर्लला सोडलं होतंत का कधी?"

बेव्हने अर्धं भरलेलं भांडं काखेत मारलं आणि गेली.

मग आर्विलाने रसेलला फोन लावला. अट पुरी करता आली नाही, म्हणाली. नळ पाडला, त्याची भरपाई दिली, आता ट्रेलरची जाहिरात दे.

"जाहिरात कशाला, आई? गिऱ्हाईक आहे ना. एप्रिलात, ईस्टरलाच येऊन बघून गेलं. तू चर्चला गेली होतीस तेव्हा."

आर्विला पायरीवर बसली. समोर कुणाची तरी पोरं पाण्यात दगड भिरकावत होती.

"आणि मी लावला असता तर?" तिने विचारलं.

रसेल म्हणाला, "रविवारी येऊ का न्यायला?"

"शनिवारीच ये," ती म्हणाली.