तेल घातलेला पांगुळगाडा

मी जुना पांगुळगाडा आहे, आणि पुण्यात जुन्या वस्तूला दोनच जागा मिळतात: माळा किंवा संग्रहालय. मित्रांनो, मला दोन्ही मिळाल्या.

धायरी तेव्हा गाव होतं. तिथल्या सुताराने मला सागवानाचा घडवला, तीन चाकं लावली, आणि यमुनाबाईंचा संतोष माझी दांडी धरून चालायला शिकला. मी भयंकर कुरकुरत असे. शेजारणी म्हणत, "अगं, थेंबभर त्याल घाल की!" यमुनाबाई घालू देत नसत. आत भाकऱ्या थापताना माझ्या आवाजावरून त्यांना कळे, पोर कुठवर गेलंय. कुरकुरीचं एवढं कौतुक दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नसेल!

संतोष मोठा झाला, मी माळ्यावर गेलो. पुढे शेतांच्या जागी इमारती आल्या. संतोष खराडीला कॉम्प्युटरच्या नोकरीत लागला. नव्या फ्लॅटला माळाच नव्हता, म्हणून त्याने मला शहरातल्या एका छोट्या संग्रहालयाला दिलं. तिथे माझ्यापुढे पाटी होती: 'वस्तू पाहण्यासाठी आहेत. हात घरी ठेवून यावे.' लोकांनी ते फारच मनावर घेतलं. मला फार एकटं वाटे.

मग संग्रहालय इंटरनेटवर न्यायचं ठरलं आणि अपेक्षा नावाची मुलगी त्या कामावर आली. लोकांनी घरबसल्या वस्तू बोटाने फिरवून पाहावी, चालताना पाहावी, खाली आपली आठवण लिहावी, अशी तिची योजना. चित्रीकरणात कुरकुर नको, म्हणून तिने माझ्या चाकांत मायेने तेल सोडलं. मी अलगद घरंगळलो. सगळे "वा!" म्हणाले. मला मात्र वाचा गेल्यासारखं झालं.

थोड्याच दिवसांत संतोषने लिहिलं. अपेक्षाने ते मोठ्याने वाचलं: 'आईची नजर गेली आहे. तिला तुमचा व्हिडिओ ऐकवला, तर म्हणते, हा आपला नाही. मी तिचा गाडा भंगारात टाकला असं तिला वाटतं. ती माझ्याशी धड बोलत नाही.'

अपेक्षाचा चेहरा उतरला. रखवालदार रामदासकाका म्हणाले, "तेल घालायचं शिक्षण झालंय. आता काढायचंही घ्या."

तिने चाकं सोडवली, कापसाने तेल टिपलं, चाकांचा आस राखेने घासला आणि मला दिवसभर अंगणातल्या उन्हात ठेवलं. तेल मुरलं होतं, मी गप्पच. ती रोज घासत राहिली. अखेर एका सकाळी मी कुरकुरलो, आणि तिने धावत जाऊन संतोषला व्हिडिओ कॉल लावला.

जुन्या वस्तू जरूर पुसा, मित्रांनो, पण आधी त्यांच्या माणसांना विचारा.

संतोषने फोन आईसमोर टेकवून ठेवला, आणि खुर्चीवर यमुनाबाई दिसल्या. किती थकल्या होत्या! त्यांच्या मागे, पाठीला ऑफिसची बॅग लावून संतोष दाराकडे निघाला होता. अपेक्षाने मला फरशीवरून ढकललं. यमुनाबाईंनी मान वर केली.

"ह्योच हाय," त्या म्हणाल्या. मग हात पुढे करून ओरडल्या, "संतोष, हळू रं! म्होरं उंबरा हाय!"

दारातला संतोष जागीच थांबला.

"थांबलो, आई," तो म्हणाला.