शिशाच्या नळीचे मोठे रीळ

मित्रांनो, कारखान्याच्या मागच्या अंगणात येणारे लोक मला पाहून थबकतात. कुणाला मी गाडीचे चाक वाटते, कुणाला मोडके टेबल. एकदा तर एक बाई माझ्यावर ओले कपडे वाळत घालून निघून गेल्या. पण आज तुम्ही निवांत आला आहात, तर सांगते. मी रीळ आहे. तुमच्या घरी शिवणाच्या डब्यात दोऱ्याचे रीळ असते ना, त्याच जातीचे. फक्त माझ्याआड एखादा उंच माणूस उभा राहिला तर त्याचे डोके तेवढे वर दिसेल. आणि माझ्यावर दोरा नव्हे, शिशाची नळी गुंडाळत असत.

शिसे तुम्ही क्वचितच हाताळले असेल. तो धातू असूनही मऊ असतो. नखाने ओरखडा काढला तर उठतो. पण अंगाने भलता जड. जड वस्तू उचलायची तर घट्ट धरावी लागते, आणि मऊ वस्तूला घट्ट धरून चालत नाही. साऱ्या कारखान्याची डोकेदुखी हीच होती.

कारखाना दादांचा. दादा म्हणजे दांडगा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. राहते घर कारखान्याला लागूनच होते, मध्ये फक्त एक दार. त्या दारातून वहिनी दिवसभर ये-जा करीत, आणि त्यांची नजर चुलीवरून प्रेसवर आणि प्रेसवरून चुलीवर फिरत राही.

प्रेस म्हणजे दाबाचे यंत्र. त्याच्या पोटात वितळलेले शिसे ओतायचे, ते जरा आळले की वरून दाब द्यायचा. मग समोरच्या भोकातून नळी बाहेर येऊ लागे, गरम आणि चकचकीत. ती येताच दादा खांद्यावर गोणपाटाची जाड घडी टाकून तिचे टोक त्यावर घेत आणि पुढे चालू लागत. त्यांच्यामागे सगळे ज्याला पैलवान म्हणत तो बळकट गडी, त्याच्यामागे आणखी गडी, अशी सारी ओळ नळी खांद्यावर पेलत अंगणाच्या टोकापर्यंत जाई. मग तिचे वेटोळे करून जमिनीवर ठेवायचे. एवढ्यात कुणाचा खांदा हलला, कुणाला शिंक आली, की नळीला मोड पडलाच. वेटोळ्यावर वेटोळे ठेवले की खालची नळी चेपत असे. वाटेत गाडीचे हादरे बसत ते वेगळेच. मोडलेला भाग कापून टाकायचा आणि तुकडे सांध्याने जोडायचे, हे ठरलेलेच.

तेव्हा मी नव्हते. हे सगळे मी मागाहून मला घडवणाऱ्या सुताराच्या तोंडून ऐकले. हा सुतार अखंड बोलायचा. त्याचा रंधा थांबेल, पण तोंड थांबणार नाही.

एके दिवशी टेकडीवरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आल्या. तिथल्या पाण्याच्या नळीला जागोजागी सांधे होते. उतारावरची जमीन दलदलीची, त्यामुळे सांध्यांतून घाण पाणी आत शिरत असे. त्या म्हणाल्या, “दादा, मुलं तापातून उठतात आणि आमचंच पाणी पिऊन पुन्हा झोपतात. मला टाकीपासून दवाखान्यापर्यंत एकसंध नळी हवी. सांधा एकही नको.”

“एवढी लांब नळी उचलायला माणसं कुठून आणू, बाई?” दादांनी सरळ हात टेकले.

पण बाई गेल्यावर त्यांना चैन पडेना. निदान निम्म्या लांबीची तरी करून पाहू म्हणून त्यांनी एक मोठे वेटोळे केले. ते गाडीवर चढवताना दोर सुटला आणि सगळा भार त्यांच्या पायावर आला. पाय मोडला. वेटोळेही चेपून गेले.

दादा खाटेवर आणि प्रेस बंद. गडी दारात येऊन बसत, बिड्या ओढत आणि परत जात. घरात कुणी मोठ्याने बोलेना. एका सकाळी वहिनी रिळावर लोकर गुंडाळत बसल्या होत्या. मध्येच त्या उठल्या आणि तडक सुताराकडे गेल्या.

“मला एक रीळ करून द्या. नळीचं.”

“नळीचं?” सुतार हसला. “मग सुईही करू का, वहिनी? दारातून आत जाईल एवढी?”

“आधी रीळ करा. विनोद नंतर.”

असा माझा जन्म झाला. जुन्या पुलाच्या फळ्या आणून त्याने माझी दोन गोल अंगे कापली. मधले पोट त्याने आधी बारीक केले होते. वहिनींनी ते पाहून मान हलवली. “पोट मोठं करा. एवढ्या लहान गोलाईवर वळवली तर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतील.” मग त्याने पोट मोठे केले. नळीला फळ्यांच्या कडा बोचू नयेत म्हणून वहिनींनी आपले जुने लोकरी पांघरूण माझ्या पोटावर ठोकून घेतले. लोखंडी दांड्यावर मला चढवले, फिरवायला बाजूला एक चाक बसवले आणि प्रेससमोर आणून उभे केले.

पैलवानाचे तोंड उतरले होते. “वहिनी, आमचे खांदे काय वाईट होते?”

“खांदे चांगले आहेत, म्हणून तर ते शाबूत ठेवायचेत,” वहिनी म्हणाल्या. “फिरव चाक.”

पहिली नळी आली. तिचे टोक माझ्या पोटाला बांधले आणि पैलवानाने मला फिरवले. त्याच्या अंगात बळ फार! नळी मळलेल्या कणकेसारखी ताणली गेली, बारीक झाली आणि तुटली. दुसऱ्या वेळी त्याने भीतभीत फिरवले, तर नळी प्रेसच्या तोंडाशीच साचली आणि तिथेच मोडली. पुन्हा वितळवा, पुन्हा ओता. दुपारपर्यंत असेच चालले. वहिनींचा चेहरा घामाने भिजला होता. मला वाटले, आता माझ्या फळ्या चुलीत जाणार.

दादा पलीकडे खाटेवर पडून सगळे ऐकत होते. प्रेस कधी चालते, कधी अडते, हे त्यांना आवाजावरून कळे. शेवटी मधले दार धाडकन उघडले आणि कुबड्या टेकत ते आत आले.

“माझ्या प्रेससमोर हा काय तमाशा मांडलाय?”

“तुम्ही जाऊन पडा बघू,” वहिनी म्हणाल्या. “पाय मोडलाय, तोंड तेवढं धड आहे.”

गडी खाली मान घालून हसले. दादा काही गेले नाहीत. ते एका पालथ्या बादलीवर बसले आणि धुसफुसत बघत राहिले. वहिनींनी पुन्हा नळी सुरू केली. ती बाहेर आली, पुन्हा ताणली जाऊ लागली, आणि दादांची धुसफूस एकदम थांबली.

“अगं, ओढतेस कशाला तिला? येऊ दे तिच्या चालीनं. रीळ मागे घे. अजून मागे. मध्ये झोळ सोड!”

मला मागे सरकवले. प्रेसपासून माझ्यापर्यंत नळी सैल सोडली, तेव्हा ती मध्ये पाळण्यासारखी झुलू लागली.

“आता तो झोळ बघ. वर चढायला लागला तर रीळ हळू. खाली उतरला तर थोडं जोरात. चाकाकडे कुणी बघायचंच नाही.”

आणि मित्रांनो, नळी माझ्या अंगावर आली! कुठे ताण नाही, कुठे मोड नाही. एका वेढ्याशेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी तिसरा. माझ्या लोकरी पोटाला तिची ऊब लागत होती. आयुष्यात पुढे मी पुष्कळ नळी गुंडाळली, पण ती पहिली ऊब वेगळीच.

वहिनी दादांकडे बघत राहिल्या. “हे इतक्या वर्षांत कधी नाही सुचलं ते?”

“इतकी वर्षं नळी खांद्यावर घेऊन मी पुढे चालत होतो. पाठच असायची तिच्याकडे.” दादांचा आवाज कधी नव्हे इतका खाली आला होता. “आज पहिल्यांदा समोरून बघितली.”

पुढे सुताराने त्या झोळात एक लाकडी कप्पी टांगली आणि तिची दोरी माझ्या कडेवरच्या चामड्याच्या पट्ट्याला जोडली. झोळ वर चढला की पट्टा आपोआप आवळे आणि माझा वेग कमी होई, खाली उतरला की सैल होई. मग डोळ्यांत तेल घालून कुणाला बसावे लागेना. सुतार येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पट्टा दाखवी आणि दादा त्याला दाखवू देत.

टेकडीवर मला बैलगाडीतून नेले. टाकीपाशी, खणलेल्या चराच्या वरच्या टोकाला मला उभे केले, पैलवानाने माझा पट्टा हातात धरला आणि मध्ये झोळ ठेवून नळी उलगडत खाली सोडू लागले. दोन्ही बाजूंना माणसे उभी राहून ती हातोहात पुढे देत होती. मध्येच उतार एकदम वाढला. खाली गेलेल्या नळीचे वजन मला ओढू लागले आणि मी भरभर फिरू लागले. पट्टा तापला, चामडे करपल्याचा वास आला. खाली चरात माणसे होती. मी सुटले असते, तर थेट त्यांच्या अंगावर गेले असते.

“पैलवान! चाक बघू नकोस, झोळ बघ!” दादा काठी उगारून ओरडले.

पैलवानाने सगळे अंग पट्ट्यावर टाकले. त्याचे तळहात सोलून निघाले, पण त्याने सोडले नाही. मी हळू झाले, आणखी हळू झाले, आणि थांबले. मग काम पुन्हा सुरू झाले.

दवाखान्याच्या नळातून आधी नुसती हवा खोकली. मग गढूळ पाणी आले, मग स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी आधी हात धुतले, मग तोंड. मग त्या बराच वेळ तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या.

ते माझे वैभवाचे दिवस होते. माझ्यासारखी आणखी रिळे झाली. मला सगळे ‘थोरले’ म्हणू लागले. दूरदूरचे लोक कप्पी आणि पट्टा बघायला येत आणि तोंडात बोट घालून परत जात. पैलवान माझ्या दांड्याला तेल घातल्याशिवाय सकाळचा चहा घेत नसे. दादांचा पाय बरा झाला, पण लंगडेपणा राहिला. ते येता-जाता माझ्या अंगावर थाप मारत. मग ते थकले, आणि एके वर्षी गेले.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. त्याही म्हाताऱ्या झाल्या होत्या. याच अंगणात त्या वहिनींसमोर बसल्या.

“वहिनी, कसं सांगू कळत नाही. शिसं पाण्यात उतरतं. थोडं थोडंच. पण ते लहान मुलांच्या अंगात साठत जातं. डोक्यावर परिणाम होतो.”

“आपल्या नळीतून?”

“सगळ्याच शिशाच्या नळ्यांतून. तेव्हा मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं.”

वहिनींनी हातातला कप खाली ठेवला. पैलवान जवळच होता. आता त्याचे केस पांढरे झाले होते. तो चाचरत म्हणाला, “वहिनी, ती नळी म्हणजे दादांची आठवण. ती उखडली तर लोक काय म्हणतील?”

“लोकांची पोरं त्यातून पाणी पितात,” वहिनी म्हणाल्या. “हे असते, तर पहिली कुदळ ह्यांनीच मारली असती. चल, थोरल्याला गाडीवर घे.”

मी पुन्हा टेकडीवर गेले. चर उकरला आणि नळी वर काढली. या वेळी ती माझ्यावर परत चढत होती, गार आणि मातीने माखलेली. वहिनी माझ्याशेजारी उभ्या राहून ओल्या फडक्याने तिचा एकेक वेढा पुसत होत्या. कुठे चेपलेले नाही, कुठे मोड नाही.

“किती छान केली होती हो,” त्या म्हणाल्या. एवढेच. मग त्या चराच्या कडेला बसून रडल्या, आणि कुणी त्यांना थांबवले नाही.

त्याच चरात तांब्याची नळी घातली. तांबे शिशापेक्षा ताठ, पण भट्टीत तापवून घेतले की तेही वळते. तीही नळी माझ्यावरूनच उलगडली. त्यानंतर आमच्या कारखान्यात शिशाची नळी पुन्हा निघाली नाही.

पुढे लोखंडी रिळे आली, मोटारीवर फिरणारी. त्यांना माझ्यासारखे तेल-पाणी लागत नाही. मला अंगणात आणून ठेवले. खालून ओल चढली, माझी एक फळी कुणी सरपणाला काढून नेली, पोटावरचे पांघरूण उंदरांनी कुरतडले. वहिनीही गेल्या. थोरले म्हणून हाक मारणारे कुणी उरले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची पूजा करा, असे मी म्हणणार नाही. जी वस्तू कुणाला अपाय करील ती जपू नका, मग ती कितीही लाडकी असो. पण टाकण्याआधी तिला एकदा हात लावून बघा. तिच्यावर कुणीतरी जीव लावून काम केलेले असते.

कारखाना आता वहिनींची नात चालवते. परवा ती अंगणात आली. माझ्या अंगावरची माती तिने हाताने पुसली आणि बोटांनी टकटक करून पाहिले. “आतून अजून शाबूत आहे,” ती गड्यांना म्हणाली. “ओलीतून काढा आणि उन्हात ठेवा.”

तेव्हापासून मी भिंतीशी उन्हात उभे आहे. दुपारी सावली सरकत माझ्यापर्यंत येते, आणि तेवढ्यात कारखान्यातून कुणीतरी बाहेर येते, हात पुसते, आणि मला थोडेसे पुढे ढकलून पुन्हा कामाला जाते.