सिनेमातलं गाढव अडत नाही

मित्रांनो, मला ओळखलंत का? नसेल ओळखलं तरी माझं काही बिघडत नाही. मी गेमचा एक जुना कंट्रोलर. दोन दांड्या, दहा बटणं आणि शेपटासारखी एक लांब वायर, एवढाच माझा ऐवज. घरातली आई मला अजून रिमोटच म्हणते. एकदा तिने मला टीव्हीसमोर धरून बराच वेळ बातम्या लावायचा प्रयत्न केला होता. मी काय करणार?

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईने माझं प्रत्येक बटण दोनदा दाबून पाहिलं, पाठीवर शिक्का मारला आणि मला खोक्यात बसवलं. दुकानातून मी ज्या घरात आलो, तिथे चार माणसं होती. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आई शाळेच्या कार्यालयात टंकलेखन करायची. ताई तेरा वर्षांची होती आणि धाकटा नऊ वर्षांचा.

माझ्याबरोबर दुकानदाराने एक खेळ फुकट दिला होता. फुकट, कारण तो कुणी घेत नव्हतं. खेळ असा, की एका मुलीने गाढवाच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून डोंगरापलीकडे पोचवायच्या. शत्रू नाही, तलवार नाही, मारामारी नाही. पण गाढव अडायचं. कुठेही, मनाला येईल तिथे. बटण दाबलं की ते चारी पाय आणखी घट्ट रोवायचं.

"अडला हरी, गाढवाचे पाय धरी!" बाबा हसायचे. ताईने माझी सगळी बटणं बडवली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने हात टेकले आणि मला सतरंजीवर ठेवून दिलं. अर्ध्या मिनिटाने गाढव आपलं आपण निघालं आणि जाता जाता त्याने मुलीच्या तळहाताला नाक लावलं. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं. ताई आणि धाकट्याने मिळून ते शोधून काढलं. माझ्यासारख्याने सांगू नये, पण त्या खेळातली सगळ्यात सुंदर जागा ही, की तिथे मला कुणी हात लावत नाही.

आता धाकट्याबद्दल सांगतो. तो बोलताना अडायचा. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच रुतून बसायचा. मग घरात लिलाव सुरू व्हायचा. "पाणी हवंय? पेन हवंय? पोटात दुखतंय?" प्रेमापोटीच विचारायचे सगळे, पण धाकटा लाल व्हायचा आणि मान हलवून गप्प बसायचा. पुष्कळदा त्याला हवं असायचं एक आणि मिळायचं भलतंच.

एका दुपारी जेवताना तो असाच अडला. बाबांनी "पोळी? पापड?" सुरू केलं, तर ताई म्हणाली, "बाबा, बटण सोडा."

बाबांनी घास हातात तसाच धरला. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने धाकटा म्हणाला, "प... पत्र आलंय शाळेतून. मला ना-नाटकात घेतलंय." आई रडली. मला रडता येत नाही आणि त्या वेळी तसं काही वाटलंही नाही, पण त्या दिवसापासून त्या घराची रीतच बदलली, एवढं मी नक्की सांगू शकतो.

ती दोघं वर्षभर माझ्यावर रोज खेळायची. माझ्या उजव्या बटणावरचं अक्षर पुसलं गेलं. मग नवे खेळ आले, बिनवायरचे कंट्रोलर आले आणि माझी रवानगी कपाटात, जुन्या वायरींच्या गुंत्यात झाली. किती वर्षं गेली, मोजली नाहीत. अंधारात एक वर्ष दुसऱ्यासारखंच असतं. ताई सिनेमाची संकलक झाली, म्हणजे चित्रित केलेले तुकडे जोडणारी. धाकटा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासू लागला.

आणि एक दिवस ताईने कपाट उघडलं. आमच्या त्या खेळाला उशिरा का होईना चाहते मिळाले होते; त्यावर सिनेमा निघत होता आणि जोडायला तिच्याकडेच आला होता.

तिने मला आणि माझी वायर ज्याला जोडतात त्या गेमच्या डब्याला आपल्या कामाच्या खोलीत नेलं. पडद्यावर सिनेमा पाहून मी तर गार झालो. मुलीचे कपडे तेच. वाट तीच. गोण्यांवरची ठिगळंसुद्धा मोजून तेवढीच. पण हे गाढव आपलं टपटप टपटप चालत होतं. डोंगर चढलं, पूल ओलांडला, पोचलं! एकदाही अडलं नाही.

ताईने कागद चाळले तेव्हा उलगडा झाला. पटकथेसाठी टिपणं काढणाऱ्या सहायकाने खेळ हातात धरलाच नव्हता. कुणा तिऱ्हाइताने खेळताना केलेलं रेकॉर्डिंग त्याने पाहिलं होतं, तेही दुप्पट वेगाने, कारण घाई होती. त्याच्या टिपणात लिहिलं होतं : 'खेळात तांत्रिक दोष आहे. गाढव मध्येच अडकते. सिनेमात टाळावे.'

ताईने दिग्दर्शकांना बोलावून मला त्यांच्या हातात दिलं. माणूस दिलखुलास, पण पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. गाढव अडलं. त्यांनी माझी दहाच्या दहा बटणं पिळून काढली. "हे बिघडलंय," म्हणाले, मला टेबलावर ठेवलं आणि फोन घ्यायला बाहेर गेले. इकडे गाढव चालू लागलं. ते पाहिलं फक्त ताईने आणि मी.

मग तिने टाकाऊ तुकडे उपसले. त्यात तिला घबाड सापडलं. चित्रीकरणाच्या वेळी खरं गाढव खरोखरच अडलं होतं. नटीने ओढलं, ढकललं, "चल ना रे बाबा" म्हणाली आणि शेवटी कंटाळून दगडावर बसली. कॅमेरा बंद करायचं राहून गेलं होतं. चौतीस सेकंदांनी गाढव आपण होऊन तिच्यापाशी आलं. नटी अभिनय विसरून हसली.

"सुंदर आहे," दिग्दर्शक म्हणाले, "पण चौतीस सेकंद नुसतं थांबायचं? लोक मोबाइल काढतील. टाकून द्या ते."

ताई हट्टी आहे, पण नोकरीवर आहे. तुकडा तसाच बाजूला राहिला.

दिग्दर्शकांना खेळाच्या जुन्या चाहत्याचं मत हवं होतं, म्हणून तिने धाकट्याला बोलावलं. बोलावलं खरं, पण जीव टांगणीला लागला होता. तो खेळ त्याचा होता. त्यानेच सिनेमा नाकारला असता, तर नाकारलेला सिनेमा तिनेच स्वतःच्या हातांनी जोडलेला असणार होता. धाकटा रजा टाकून आला. मला पाहताच त्याने उचलून मांडीवर घेतलं. सिनेमाभर त्याचा अंगठा माझ्या बटणावर होता, पण त्याने ते एकदाही दाबलं नाही.

दिवे लागले. "काय, कसा वाटला?" दिग्दर्शकांनी विचारलं.

धाकट्याने तोंड उघडलं आणि तो अडला.

"भारी? मस्त? डोंगर आवडला ना? गाणं? अरे, एक शब्द सांग!" दिग्दर्शक शब्द पुरवत राहिले. तो टिपणंवाला सहायकही आला होता, त्याने दोन शब्द आणखी पुरवले. ताई काही बोलली नाही. ती बोलली असती तर तोही एक पुरवलेलाच शब्द झाला असता. हळूहळू सगळे वरमले आणि थांबले.

"तु-तुमच्या सिनेमात," धाकटा म्हणाला, "कुणीच क... कुणासाठी थांबत नाही."

दिग्दर्शक खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "ताई, तो तुकडा आहे ना अजून?"

सिनेमा लागला. त्यात गाणं आहे, मिशीवाला खलनायक आहे, शेवटी स्फोटही आहे. खेळात यातलं काहीच नव्हतं. ताईने जोडलेले ते चौतीस सेकंद मात्र खेळातले आहेत. त्या जागी चित्रगृहात मागून कुणीतरी ओरडलं, "सिनेमा अडकला वाटतं!" असं ताईने सांगितलं. मी घरीच होतो.

मित्रांनो, आता माझी बटणं सैल झाली आहेत. जुनी वस्तू म्हणून मला जपा, पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. ठेवलंत तर ठेवा. पण कुणाची गोष्ट घेऊन तिचं दुसरं काही करायला निघालात, तर आधी ती हातात धरा आणि तिच्याच वेगाने चालून बघा. आणि समोरचा बोलताना अडला, तर त्याच्या तोंडात आपले शब्द कोंबू नका.

इथे संपवणार होतो, पण कालचं सांगायचं राहिलं. काल दिग्दर्शकांचा फोन आला होता, धाकट्यासाठी. पुढच्या सिनेमाची पटकथा त्याने वाचावी, असं त्यांना वाटत होतं. धाकटा फोन कानाला लावून उभा राहिला आणि अडला. फोनमधून काहीच आवाज येईना. आई स्वयंपाकघरातून डोकावली.

"कट झाला का रे फोन?"

धाकट्याने मान हलवली. फोनवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "नाही गं. ते थांबलेत."